पुराण मागणारा श्रोता

आमच्या घरी चातुर्मासात पोथी लागते. दक्षिण कोकणातल्या जुन्या घरांतून अजूनही लागते तशीच: दिवेलागण झाली की माजघरात पाटावर पोथी ठेवायची आणि समोर तीन-चार माणसांनी बसायचे. वाचण्याचा मान माझ्या आत्याचा. मोतीबिंदूमुळे गेल्या वर्षी तिला अक्षरे दिसेनाशी झाली आणि वाचन माझ्याकडे आले. ‘हरिविजया’चे ३६ अध्याय भाद्रपद सरता सरता संपले. त्या रात्री आत्या म्हणाली, “अजून पाऊस आहे. दुसरं काहीतरी लाव.” माझ्या पिशवीत तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची, म्हणजे मराठी ओवीत सांगितलेल्या बायबलकथेची, देवनागरी प्रत होती. ग्रंथाचे नाव न सांगताच मी पहिले पान उघडले. तिला फसवावे असे मनात नव्हते. नाव आधी कळले तर ती नावच ऐकत बसेल, आणि मला तर ती ओवी तिच्या कानावर कशी पडते ते पाहायचे होते.

“ॐ नमो विश्वभरिता । देवा बापा सर्व समर्था । परमेश्वरा सत्यवंता । स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा ॥”

आत्याचे हात पहिल्याच चरणाला आपोआप जुळले. दुसऱ्या चरणावर तिची मान किंचित वळली. “देवा बापा,” तिने हलकेच उच्चारून पाहिले. बाप हा शब्द तिला परका नव्हता. विठोबाला मायबाप म्हणणाऱ्या घरातच ती वाढली आहे. तरीही त्या दोन शब्दांच्या जवळिकीत काहीतरी निराळे आहे हे तिला जाणवले असावे. मी थांबले नाही. चौथ्या चरणाला आवाज खाली उतरवायचा, ही तिच्याकडूनच शिकलेली लकब आपोआप आली, आणि तो उतार आला तसे तिने डोळे मिटले. पोथी सुरू झाली होती.

त्या क्षणाने मला पुढे कितीतरी दिवस विचारात पाडले. वर्षानुवर्षे आपण ‘काव्यसंकेत’ हा शब्द अभ्यासक्रमातला म्हणून वापरतो. महाकाव्याची लक्षणे पाठ करतो. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त सांगितलेच आहे, “आशीर्नमस्क्रिया वस्तुनिर्देशो वापि तन्मुखम्”: काव्याचा आरंभ आशीर्वादाने व्हावा, नमस्काराने व्हावा किंवा विषय सांगून व्हावा. मग नगर, सागर, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय यांची वर्णने यावीत. हे सारे आपण एखाद्या यादीसारखे लक्षात ठेवतो, आणि संकेत ऐकणाऱ्याच्या अंगात किती खोल मुरलेला असतो हे विसरून जातो. आत्याने हात जोडले ते कोणत्याही एका देवाचे नाव ऐकून जोडले नव्हते. ‘ॐ नमो’ने सुरू होणारी आणि तीन चरण चढून चौथ्याला उतरणारी वाणी समोर आली म्हणून जोडले होते. बोलणाऱ्याने अजून काहीच सांगितलेले नाही, तरी ऐकणारा त्याला जागा करून देतो. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या सासष्टीत एका इंग्रज माणसाने नेमकी हीच जागा मागितली होती.

थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्लंडमधल्या विल्टशरचा. तो येशू संघाचा पाद्री झाला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला. १६१९ मध्ये तो गोव्यातच मरण पावला. या ४० वर्षांतला बहुतेक काळ सासष्टीत, मडगाव-रायतूरच्या परिसरात गेला. इथल्या भाषांनी त्याला फार लवकर ओढून घेतले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या भाषांचा उच्चार गोड असल्याचे सांगितले, आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी असल्याचेही नोंदवले. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते विद्वानांनी मांडण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद आहे. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, कोकणीत ख्रिस्ती धर्मतत्त्वांची पुस्तिका लिहिली, आणि १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात त्याचे मराठी पुराण छापून झाले. ते दोन भागांत आहे. ‘पैलें पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या वाटेपर्यंत येते आणि ‘दुसरें पुराण’ ख्रिस्तचरित्र सांगते. अध्यायाला तो ‘अवस्वरू’ म्हणतो. पहिल्या भागात ३६ अवस्वरू, दुसऱ्यात ५९, आणि दोन्हींत मिळून १०,९६२ ओव्या. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांहून ही रचना मोठी आहे.

पण आकाराने कोणी महाकवी होत नाही. मला थांबवून ठेवते ते या काव्याचे वळण. स्टीफन्सच्या मातृभाषेत हीच कथा, म्हणजे स्वर्गातून पडलेला देवदूत, नंदनवन, निषिद्ध फळ आणि हरवलेले सुख, मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये सांगितली. ती १६६७ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे रायतूरच्या पुस्तकानंतर ५१ वर्षांनी. मिल्टनने ग्रीक-लॅटिन महाकाव्याचे संकेत घेतले: वाग्देवतेला आवाहन करायचे, आरंभीच विषय सांगायचा आणि कथेला मध्यावरच हात घालायचा. त्याचे काव्य उघडते तेव्हा पतित देवदूत आधीच नरकाच्या अग्निसरोवरात पडलेले असतात; सृष्टी कशी झाली हे नंतर, राफाएल देवदूताच्या तोंडून आदामला ऐकायला मिळते. स्टीफन्सला ही पद्धत ठाऊक नसेल असे नाही. लॅटिनवर पोसलेल्या पाद्र्याला व्हर्जिल परका असणे शक्यच नाही. तरी त्याने कथा आरंभापासून, सृष्टी नव्हती तिथपासून लावली. कारण त्याचा श्रोता पुराण ऐकणारा होता, आणि पुराण आरंभापासूनच लागते.

जुन्या श्लोकात पुराणाची पाच लक्षणे आहेत: “सर्गश्च प्रतिसर्गश्च वंशो मन्वन्तराणि च । वंशानुचरितं चैव पुराणं पञ्चलक्षणम् ॥” ‘पैलें पुराण’ वाचताना हा श्लोक मनात ठेवला की बायबलचा जुना करार किती सहज या चौकटीत बसतो हे पाहून मन थक्क होते. सर्ग म्हणजे सहा दिवसांची सृष्टी. प्रतिसर्ग म्हणजे जलप्रलय आणि नोहाच्या तारवातून पुन्हा उगवलेले जग. वंश म्हणजे आब्राहाम, इसहाक, याकोब. वंशानुचरित म्हणजे दावीद आणि शलमोन यांच्या राजकथा. चार लक्षणे जणू आधीच शिवून ठेवल्यासारखी जुळतात. पाचवे मात्र जुळत नाही, आणि मला त्या न जुळण्यात या काव्याचा खरा ताण दिसतो. पुराणांचा काळ फिरतो. मन्वंतरे येतात आणि जातात, युग बुडते, पुन्हा उगवते, देव “संभवामि युगे युगे” म्हणतो. स्टीफन्सच्या कथेतला देव एकदाच येतो, एका गावी, एका राजाच्या कारकिर्दीत, आणि एकदाच मरतो. फिरत्या काळासाठी घडलेल्या वाणीत एकदाच घडलेली गोष्ट सांगायची, हे अवघड काम त्याने ओवीवर सोपवले, कारण ओवी दोन्ही करू शकते: ती पुन्हा पुन्हा त्याच उतारावर येते आणि तरी पुढे जात राहते.

ओवीबद्दल थोडे सावकाश बोलले पाहिजे. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा बहुधा आखूड व मोकळा असतो. मंगलाचरणातलीच पुढची ओवी पाहा:

“तूं रिद्धिसिद्धीचा दातारू । कृपानिधी करुणाकरू । तूं सर्व सुखाचा सागरू । आदि अंतु नातुडे ॥”

दातारू, करुणाकरू, सागरू: तीन वेळा एकच लाट किनाऱ्याला येते. तीनही चरण नामांनी भरलेले आहेत. देव दाता आहे, निधी आहे, सागर आहे. माणसाला धरता येतील अशी ही नावे. चौथ्या चरणात यमक सुटते आणि त्याबरोबर देवही हातातून सुटतो: आदि अंतु नातुडे, म्हणजे त्याचा आरंभ-शेवट सापडत नाही. ‘आतुडणे’ म्हणजे हाती लागणे. ज्ञानदेवांच्या मराठीतले हे क्रियापद आज आपण हरवून बसलो आहोत, आणि विल्टशरच्या माणसाने ते नेमके त्या जागी ठेवले आहे जिथे ओवीची रचनाच ‘नाही’ म्हणते. वृत्तात अक्षरे बसवता आली म्हणजे हे जमत नाही. ज्याच्या श्वासात ओवीची चढउतार बसली आहे त्यालाच, मोकळा चरण कशासाठी राखून ठेवायचा असतो हे कळते. ही ओवी आत्याला मी दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्या वेळी चौथा चरण माझ्या आधी तिनेच म्हटला.

याच मंगलाचरणाच्या पहिल्या शब्दाची एक गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटते. काव्य छापले गेले ते रोमन लिपीत, पोर्तुगीज धाटणीच्या वर्णलेखनाने. त्या पाठात आरंभीचा शब्द ‘वो नमो’ असा आहे. देवनागरीत उतरवणाऱ्यांनी तिथे ॐ लिहिला आणि ते योग्यच आहे. पण ‘वो’ हे अक्षर काय सांगते? आपल्याकडे ‘ओ’चा उच्चार करताना ओठ आपसूक ‘व’ला शिवून जातात, ओवीला वोवी म्हणणारी माणसे जुन्या पोथ्यांत आहेत आणि आमच्या गावात आजही आहेत. स्टीफन्सने शब्द डोळ्यांनी उचलला नाही, कानाने उचलला. इथल्या भाषेतली पुस्तके देशी अक्षरात छापावीत अशी त्याची इच्छा होती. १६०८ साली रोमला आपल्या संघप्रमुखांना पाठवलेल्या पत्रात त्याने तशी कळकळ व्यक्त केली आहे. अडचण अशी की युरोपच्या २४ अक्षरांच्या जागी इथे जोडाक्षरे धरून ६०० साचे पाडावे लागणार होते. ते घडले नाही. मराठीतले एवढे मोठे काव्य परक्या लिपीचे कपडे घालून जन्माला आले आणि तिन्ही आवृत्त्या, १६१६, १६४९ आणि १६५४, तशाच निघाल्या. त्या तिन्हींतली एकही प्रत आज उरलेली नाही. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, त्यांवरून १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतच पुन्हा छपाई झाली, आणि देवनागरी पुस्तक मराठी वाचकाच्या हाती आले ते १९५६ मध्ये पुण्यात. लंडनमधल्या एका संग्रहात देवनागरीत लिहिलेली जुनी पोथीही सापडली आहे. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, त्या शब्दांना त्यांच्या अक्षरांत परत नेऊन बसवले होते.

मंगलाचरणानंतर पुराणकार भाषेची स्तुती करतो, आणि तीही संकेताचीच पायरी आहे. ज्ञानदेवांनी “माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके” असे म्हटल्यापासून मराठीत मोठा ग्रंथ रचणाऱ्याला या पायरीवर थांबावेच लागते. नाथांनी १५७३ साली काशीत ‘एकनाथी भागवत’ पूर्ण केले, तेव्हा त्यांनाही प्राकृताची बाजू मांडावी लागली. स्टीफन्सच्या त्या ओव्या आज मराठी भाषा दिनाच्या प्रत्येक भाषणात येतात, आणि इतक्या वेळा येतात की त्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

“जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा । तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥”

‘हरळ’ला मी अडले. कोशात पाहायला उठणार तोच आत्या म्हणाली, “तांदळातले खडे गो. निवडताना बोटाला लागतात ते.” तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली, जणू सूप तिच्या मांडीवरच होते. मग ती म्हणाली की आता निवडताना तिला हरळ दिसत नाही, फक्त लागते. त्या ओवीचे सारे सौंदर्य मला तेव्हा समजले. ‘किळा’ म्हणजे तेज, झळाळी. खडे निवडत असलेल्या बोटांखाली अचानक एक खडा लकाकतो, तो रत्न निघतो. मग त्या रत्नांतही एक निळा हिरा निघतो. आणि मग भाषा. दृष्टांत सुपातून सुरू झाला आहे. हे शब्द ज्याने वेचले त्याने इथल्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून बायकांना तांदूळ निवडताना पाहिले असले पाहिजे, असे मला वाटून गेले.

पुढच्या ओव्यांत मोगरी येते, कस्तुरी येते, आणि मग “पखियांमध्यें मयोरू । रुखियांमध्यें कल्पतरू । भासांमध्यें मानु थोरू । मराठियेसी ॥” ‘अमुकांमध्ये अमुक’ हा साचा कुठला आहे हे गीता ऐकत वाढलेल्याला सांगावे लागत नाही. तो विभूतियोगाचा, दहाव्या अध्यायाचा साचा आहे: “नक्षत्राणामहं शशी”, “अश्वत्थः सर्ववृक्षाणाम्”, “वैनतेयश्च पक्षिणाम्”. तिथे भगवंत आपली ओळख सांगतो: वृक्षांमध्ये मी पिंपळ, पक्ष्यांमध्ये मी गरुड. स्टीफन्सने साचा ठेवला आणि मूर्ती बदलल्या. गरुडाच्या जागी मोर बसवला आणि पिंपळाच्या जागी कल्पतरू. गरुड हे विष्णूचे वाहन आणि पिंपळाला तर प्रत्यक्ष प्रदक्षिणा घातली जाते. जुन्या ख्रिस्ती कलेत मोर हे अमरत्वाचे चिन्ह आहे. ही निवड मला सहज झालेली वाटत नाही. तरी त्याहून मोठा बदल वेगळाच आहे. ज्या साच्यात देव ‘मी’ म्हणून उभा होता, तिथे या पाद्र्याने मराठी भाषेला उभे केले. देवाच्या विभूतींची जागा भाषेला देण्याइतका मान मराठीला तिच्या स्वतःच्या कवींनीही क्वचितच दिला असेल.

आणि तरी हा मान देणाऱ्याने ती भाषा निर्भेळ ठेवायचा हट्ट धरला नाही. गद्य प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून “मागिलेआ कवेस्वरांचीं बहुतेकें अवघडें उतरें सांडुनु” सोपी, ब्राह्मणांच्या भाषेतली, म्हणजे त्या काळच्या कोकणीतली उतरे त्याने ठायी ठायी मिसळली आहेत. शब्दाला ‘उतर’ म्हणणे हेच कोकणी आहे. ज्या वाक्यात तो मिसळण्याची कबुली देतो त्याच वाक्यात मिसळण झालेली आहे. हे पुराण बहुत जनांना सुफळ व्हावे म्हणून हे केले, असे तो म्हणतो. पोथीच्या शेवटी येणारी फलश्रुती इथे प्रस्तावनेतच, भाषेच्या निवडीचे कारण म्हणून आली आहे. या मिश्रणातून विलक्षण शेजार जुळतात. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, आणि पवित्र आत्म्याला मात्र पोर्तुगीजातला ‘स्पिरितु सांतु’च ठेवतो, क्रूस हा क्रूसच राहतो. काही शब्द त्याने ओवीला दिले आणि काही तिच्याकडून सोडवून घेतले. कुठला शब्द सोडायचा नाही याचा त्याने किती विचार केला असेल, हे त्या यादीवरूनच कळते.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसले तिथे येते. हे काव्य कुठल्या मातीत उगवले हे बाजूला ठेवून त्याच्या सौंदर्याबद्दल बोलणे मला जमत नाही. सासष्टीतल्याच केळशी गावच्या कृष्णदास शामाने १५२६ साली मराठी ओवीत श्रीकृष्णाचे चरित्र रचायला घेतले. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या बरोबर ९० वर्षे आधी, त्याच महालात, पुराणाची ओवी अशी घुमत होती. पुढे १५६७ मध्ये रायतूरच्या किल्ल्याच्या कप्तानाने सासष्टीतली देवळे पाडली. केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. पोथ्या जप्त झाल्या. ज्या रायतुरात हे घडवणारी सत्ता बसली होती, त्याच रायतुरात ४९ वर्षांनी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात आजही रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारताच्या कथांची हस्तलिखिते आहेत. एका हाताने पोथी काढून घेतली जात होती आणि दुसऱ्या हाताने तीच पोथी भाषा शिकण्यासाठी उतरवली जात होती. आमच्या घराण्याचे कुलदैवत त्या काळात नदी ओलांडून आलेले आहे, म्हणून हा इतिहास माझ्यासाठी नुसत्या तारखांचा नाही.

अशा वेळी पुराणाची एक अट स्टीफन्ससमोर उभी राहिली. पुराण आपल्या मनाने सुरू होत नाही. ते कोणीतरी विचारावे लागते. नैमिषारण्यात शौनक विचारतो तेव्हा सूत बोलतो. मरण सात दिवसांवर आलेला परीक्षित विचारतो तेव्हा शुक बोलतो. ज्ञानदेवही नवव्या अध्यायाच्या तोंडावर श्रोत्यांपुढे हात पसरतात: “तरि अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे ।” श्रोत्याने दिल्याशिवाय वक्त्याला काही घेता येत नाही. पाद्री चर्चमध्ये उभा राहून प्रवचन देतो तेव्हा त्याला कोणी विचारण्याची गरज नसते. पण पुराण सांगायचे ठरवले की प्रश्न विचारणारा लागतोच. आणि त्या गावात, त्या काळी, काय विचारले जाईल?

स्टीफन्सने तो प्रश्न पुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत ठेवला आहे. सासष्टीतल्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना धर्मशिक्षण चाललेले असते. तिथे बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की हे शिक्षण चांगले आहे, पण आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का करून देत नाही?

मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. धर्म बदललेला तो माणूस देवळाविषयी तक्रार करत नाही, जमिनीविषयी करत नाही. त्याला संध्याकाळी ऐकायला काही उरलेले नाही, हे तो सांगतो. कथा काढून घेतली त्याची भरपाई तो मागतो. कोणी म्हणेल की हा ब्राह्मण पाद्र्यानेच रचला आहे आणि त्याच्या तोंडी शब्दही पाद्र्यानेच घातले आहेत. हे खरेच आहे, आणि हे मला हलके करून टाकायचे नाही. ज्याने पुराण बंद केले त्याच्याच संघातल्या माणसाच्या लेखणीतून हा प्रश्न उमटतो. तरी त्या लेखणीला तो प्रश्न टाळता आला नाही. पुराणाच्या संकेताने त्याला सांगितले की आधी श्रोत्याला बोलू दे. आणि श्रोता बोलला तेव्हा ‘तुम्ही आमचे काढून घेतलेत’ हे वाक्य त्या पवित्र ग्रंथाच्या उंबरठ्यावर कायमचे छापले गेले. सत्तेच्या कागदपत्रांत ज्या हानीची नोंद हुकूम म्हणून होते, तिची मागणी म्हणून नोंद इथे आहे, ती हानी सोसलेल्या माणसाच्या आवाजात. हे काम काव्यशास्त्राच्या एका जुन्या नियमाने केले, हे मला कधीही विसरता येणार नाही.

म्हणूनच काव्यसंकेतांना बाहेरचा साज म्हणणे मला पटत नाही. स्टीफन्सने ओवी, दृष्टांत, भाषास्तुती, श्रोता-वक्ता ही सारी मांडणी आपल्या कामासाठी घेतली, यात शंका नाही. त्याला माणसे आपल्या धर्मात स्थिर करायची होती. पण मांडणीनेही त्याच्याकडून काम करून घेतले. तिने त्याला इथल्या सुपातले खडे पाहायला लावले, मराठीला देवाच्या साच्यात बसवायला लावले, आणि ज्यांचे ऐकू नये असा काळ होता त्यांना प्रश्न विचारू द्यायला लावला. पुढे दुसऱ्या पाद्र्यांनीही याच वाटेने जाऊन मराठी ओवीत संत पीटर आणि संत अँथनी यांची पुराणे रचली. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि ती वाट आटत गेली. गाणारी माणसे मात्र ओव्या बरोबर घेऊन गेली. कानडी मुलखात रविवारी आणि सणावारी ‘क्रिस्तपुराण’ गायले जाण्याची प्रथा फार उशिरापर्यंत टिकली होती.

आत्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. तोपर्यंत आम्ही रोज एक अवस्वरू वाचत होतो. ग्रंथ कोणाचा हे मी तिला चौथ्या दिवशी सांगितले. रायतूर, पाडलेली देवळे, आमच्या दैवताचा नदी ओलांडण्याचा काळ, हेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. समईची वात तिने बोटाने चाचपून पुढे सारली आणि बोट पदराला पुसले. मग विचारले, “त्या बामणानं पुराण मागितलं, ते त्याला पुरं होईपर्यंत ऐकायला मिळालं काय?”

मला उत्तर देता आले नाही. “वाच तर मग,” ती म्हणाली, आणि जुन्या सवयीने चष्मा नाकावर ठेवून, दिसत नव्हते तरी, पोथीकडे तोंड करून बसली.